किल्ली कुणाकडे?

२०२५ च्या जुलै महिन्यात नायरा एनर्जी या तेलकंपनीवर एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. कंपनीची मुख्य कचेरी मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातमधील वाडीनारला, आणि भांडवलात रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा ४९ टक्क्यांच्या किंचित वर. युक्रेन युद्धावरून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी निर्बंधांचा जो नवा हप्ता जाहीर केला, त्यात नायराचे नाव होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराला पुरवल्या जाणाऱ्या सेवा थांबवल्या. ई-मेल बंद, आपापसातील संदेश बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असताना आमचीच माहिती आम्हाला पाहता येत नाही. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या आणि प्रकरण तिथेच मिटले. वर्तमानपत्रांनी ते अर्थविषयक पानावर छापले आणि आपण पान उलटले.

मला मात्र ते पान सहजी उलटता आले नाही. निर्बंध युरोपचे, पुरवठादार अमेरिकेचा आणि थांबले ते भारतातले काम. नायराची बाजू घेण्याचे मला कारण नाही. रशियन तेलाचे राजकारण हा वेगळा विषय आहे. पण ज्याने सदतीस वर्षे बँकेत काढली, त्याला यातली एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. जादा किल्ल्यांचा जोड मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवायचा आणि ठरलेल्या मुदतीने बदलायचा, असा दंडक. तिजोरी गोदरेजची असली तरी किल्ली काही गोदरेजकडे नसते. तिजोरी बनवणाऱ्याने लांबून दार लावून घेतले आणि शाखेतील रोकड शाखेलाच मिळेनाशी झाली, असे कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. आज आपली पत्रे, हिशेबाचे तक्ते, शाळांचे निकाल आणि ग्रामपंचायतींचे ठराव ज्या तिजोरीत आहेत, तिची व्यवस्था नेमकी अशी आहे.

या प्रश्नावर जगात एक उत्तर गेली पंचवीस वर्षे घडते आहे. त्याचे आजचे नाव लिब्रेऑफिस. पत्र लिहिणे, तक्ते करणे, भाषणासाठी चित्रफलक तयार करणे अशी कचेरीची सगळी कामे करणारा हा सॉफ्टवेअरचा संच कुणालाही विनामूल्य मिळतो. पण विनामूल्य असणे हा त्याचा दुय्यम गुण आहे. तो कसा बनला आहे हे कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते, बदललेला दुसऱ्याला देता येतो. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत 'लिब्र' म्हणजे मुक्त. इंग्रजीत फुकट आणि मुक्त यांना एकच शब्द असल्याने तिकडे फार घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तरी आपण घोटाळा करतोच. माझे एक निवृत्त सहकारी म्हणाले, "अहो, फुकट देतायत म्हणजे त्यात काहीतरी गोम असणारच." गोम नाही; पण हिशेब जरूर आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

सोळा वर्षांच्या मुलाचा उद्योग

गोष्ट सुरू होते १९८५ मध्ये जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या गावी. मार्को ब्योरिस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि स्टाररायटर हे लेखनाचे सॉफ्टवेअर विकायला सुरुवात केली. त्याचाच पुढे स्टारऑफिस हा पूर्ण संच झाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनीच विकत घेतली. सनचे अधिकारी सायमन फिप्स यांनी पुढे याचे कारण सांगितले ते मोठे मजेदार आहे. सनमध्ये तेव्हा सुमारे ४२ हजार माणसे कामाला होती. त्या सर्वांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा एक आख्खी कंपनी विकत घेणे स्वस्त पडत होते! दुधाचा रतीब परवडेना म्हणून म्हैसच गोठ्यात आणून बांधावी, त्यातला हा प्रकार.

सनने पुढच्याच वर्षी आणखी एक पाऊल टाकले. १३ ऑक्टोबर २००० रोजी या संचाची मूळ आज्ञावली जगासाठी खुली केली. ओपनऑफिस नावाने ती पुढे वाढू लागली आणि मे २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. सनचा यात स्वार्थ नव्हता असे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत फायदेशीर मालाला विनामूल्य पर्याय उभा राहिला तर तो सनला हवाच होता. तरीही एक मेख होती. बाहेरून कुणी सुधारणा पाठवली तर तिच्या स्वामित्वहक्कात सनला भागीदार करून घ्यावे लागे. दार उघडे, पण सातबाऱ्यावर नाव सनचे.

जानेवारी २०१० मध्ये खुद्द सनच ओरॅकल या बलाढ्य कंपनीच्या पोटात गेली. नवा मालक या कामाचे काय करणार, याची वर्षानुवर्षे राबणाऱ्या मंडळींना खात्री वाटेना. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या, अशी त्यांनी ओरॅकलला विनंती केली. ती मान्य झाली नाही. तात्पुरते म्हणून घेतलेले लिब्रेऑफिस हे नाव मग कायमचे झाले. जर्मन कायद्याप्रमाणे न्यास नोंदवायला ५० हजार युरोंचे भांडवल लागणार होते. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यासाठी आवाहन केले, आणि जगभरच्या साध्या वापरणाऱ्यांनी ते आठ दिवसांत जमवून दिले. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये न्यासाची रीतसर नोंदणी झाली.

आता एखाद्या सहकारी संस्थेत असे झाले असते तर काय झाले असते? काम करणारी माणसे बाहेर पडली असती, वह्या आणि कपाटे जुन्या मंडळाकडे राहिली असती आणि नव्यांना पाटीपासून सुरुवात करावी लागली असती. इथे तसे झाले नाही, कारण परवान्यातच लिहिलेले होते, की आज्ञावली कुणालाही घेऊन पुढे जाता येईल. बाहेर पडणारे आपले सगळे काम बरोबर घेऊन निघाले. ओरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस हे नाव आणि काम अपाचे या दुसऱ्या संस्थेला देऊन टाकले. तिथे ते जिवंत आहे, पण २०१४ मधल्या ४.१ आवृत्तीनंतर २०२५ अखेरपर्यंत डागडुजीपलीकडे मोठी आवृत्ती निघालेली नाही. खानावळीची पाटी एकीकडे राहिली आणि आचारी पाककृतींसह दुसरीकडे गेले. ज्यांना पाटीच आठवते, ते अजून जुन्याच दारात उभे राहतात.

ही फारकत ही या सगळ्या इतिहासातील कळीची घटना आहे. मालक चांगला निघेल की वाईट, यावर हे काम अवलंबून राहिले नाही. मालक बदलला, रुसला, विकला गेला तरी वापरणाऱ्याचे दार बंद होणार नाही, अशी तजवीज आधीच कागदावर होती. बँकेत आम्ही याला सद्भावना म्हणत नसू, तारण म्हणत असू.

कागदाची भाषा

पण सॉफ्टवेअर बदलले तरी खरा अडसर असतो तो फाइलच्या घडणीचा. आपण लिहिलेला मजकूर संगणकात कोणत्या संकेतांनी साठवला जातो, हे जोवर एकाच कंपनीला ठाऊक, तोवर गिऱ्हाईक तिचे बांधील. म्हणून लिब्रेऑफिसच्या पूर्वजाने यंत्राइतकेच लक्ष कागदाच्या भाषेकडे दिले. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, हा खुला नमुना २००५ मध्ये तयार झाला आणि २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संघटनेने तो स्वीकारला. मायक्रोसॉफ्टने त्यावर स्वतःचा वेगळा नमुना पुढे केला. त्याचे वर्णनच सहा हजारांहून अधिक पानांचे होते. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो नामंजूर झाला, एप्रिल २००८ मध्ये दुरुस्त्यांनंतर मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिले. पुढे ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारताने अपीलही केले. ते ऑगस्ट २००८ मध्ये फेटाळले गेले. हरलो, पण या लढाईत आपण होतो, हे आज किती जणांना माहीत आहे?

त्या लढाईचा एक फायदा झाला. २००९ पासून मायक्रोसॉफ्टच्या संचातही ओडीएफ फाइल उघडू आणि साठवू लागल्या. ब्रिटिश सरकारने जुलै २०१४ मध्ये ज्या सरकारी कागदांवर दोघांना मिळून काम करायचे, त्यांच्यासाठी ओडीएफ हा नमुना ठरवून टाकला. म्हणजे यंत्र कोणतेही वापरा. कागद मात्र सर्वांना वाचता येईल अशा भाषेत हवा.

हा मुद्दा किती महत्त्वाचा, हे मराठी लेखक-प्रकाशकांना कुणी सांगायला नको. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांतून. प्रत्येकाची आतली खूण वेगळी. 'क' च्या जागी एकाकडे एक इंग्रजी अक्षर, दुसऱ्याकडे दुसरे. तो अक्षरसंच संगणकावर नसेल तर ज्ञानेश्वरीचीसुद्धा अगम्य इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. माझी एक कादंबरी त्या काळात अशीच जुळवली गेली. वीस वर्षांनी नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा तबकडी शाबूत होती, फाइल शाबूत होती, आणि अक्षर वाचता येत नव्हते. छापील पुस्तक समोर ठेवून ती पुन्हा पहिल्यापासून टंकित करावी लागली. निदान छापील पुस्तक तरी होते. त्या दशकातील किती नियतकालिकांचे, संस्थांच्या अहवालांचे आणि स्मरणिकांचे मूळ मजकूर असे बंद कुलपात पडले असतील!

लिब्रेऑफिसच्या मंडळींनी या दुखण्यावरही काम केले आहे. २०१४ मध्ये त्यांनी जुन्या, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइल उघडून देण्याचा एक स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यातूनच आपल्याकडच्या छापखान्यांत एकेकाळी घरोघरच्या पोळपाटासारखे असणारे पेजमेकर, त्याच्या फाइल २०१५ पासून लिब्रेऑफिसमध्ये उघडू लागल्या. मराठी अक्षरसंचाची गाठ त्याने सुटत नाही. ती आपली आपल्यालाच सोडवावी लागेल. पण ज्या कंपन्यांनी त्या फाइल जन्माला घातल्या त्यांनी हात झटकल्यावर कुणीतरी परकी माणसे त्या वाचण्याची खटपट करीत बसली, ही गोष्ट लहान नाही.

फुकट कुणाला पडते?

आता माझ्या सहकाऱ्यांच्या गोमेकडे येऊ. हे काम करते कोण, आणि त्यांचे घर कसे चालते?

या संचाची आज्ञावली लाखो ओळींची, आणि तिचे वय आता चाळिशीला पोचलेले. जुना वाडा असावा तशी तिची अवस्था होती. एक खोली एका पिढीने बांधलेली, दुसरी दुसऱ्या. आज्ञावलीत पुढच्या माणसासाठी टिपा लिहून ठेवण्याची पद्धत असते. त्या हजारो टिपा जर्मन भाषेत होत्या, कारण मूळ कारागीर जर्मन. २०१० नंतर स्वयंसेवकांनी त्या एकेक करून इंग्रजीत आणल्या. त्याला काही वर्षे लागली. नवख्या माणसाला हात घालता यावा म्हणून सोप्या कामांची एक यादीच ठेवलेली असते. आधी छोटी दुरुस्ती, ती जाणत्याने तपासायची, मग मोठे काम. आमच्याकडे नव्या कारकुनाला आधी आवक-जावक, मग बचत खाती, आणि पुष्कळ पुढे कर्जखाते देत, तशीच ही उमेदवारी. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडते. वेळापत्रक ठरलेले; जे तयार नसेल ते पुढच्या गाडीने. २०२४ पासून तर आवृत्तीचा क्रमांकच वर्ष-महिन्यावरून पडतो. न्यासाचे सात संचालक दर दोन वर्षांनी निवडले जातात, आणि मताचा अधिकार पैसे दिले म्हणून मिळत नाही, काम केले म्हणून मिळतो.

हे चित्र मोहक आहे. पण इथेच थांबलो तर ती भाबडी जाहिरात होईल. आज्ञावलीतले कठीण काम फार मोठ्या प्रमाणावर करतात ते काही मोजक्या कंपन्यांचे पगारी लोक. इंग्लंडची कोलाबोरा ही त्यांतली प्रमुख. सरकारे आणि मोठ्या संस्थांना ही कंपनी देखभाल विकते आणि त्या पैशांतून पगार देते. अडचण अशी, की बहुसंख्य वापरणारे, ज्यांत सरकारी खातीही आली, एक पैसा न देता संच उतरवून घेतात. जुलै २०२० मध्ये नव्या आवृत्तीवर 'वैयक्तिक वापरासाठी' अशा अर्थाची पाटी लावण्याचा घाट घातला गेला. हेतू हा, की मोठ्या संस्थांना थोडी लाज वाटावी आणि त्यांनी पैसे देऊन सेवा घ्यावी. केवढा गहजब झाला! मुक्त म्हणता आणि वर्गवारी करता? पाटी मागे घेतली गेली, आणि २०२१ मध्ये तिच्या जागी 'समुदाय' असा सौम्य शब्द आला. त्याच सुमारास अनेकांनी एकाच कागदावर इंटरनेटवरून काम करण्याच्या सोयीवरून न्यास आणि कोलाबोरा यांच्यात फाटले. कंपनीने ते काम आपल्या घरी नेले आणि न्यासाने आपल्याकडचे गोठवले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रेड हॅट कंपनीनेही आपल्या संगणकप्रणालीसाठी हा संच बांधून देण्याचे काम सोडत असल्याचे सांगितले.

गावच्या विहिरीची ही जुनीच कथा आहे. पाणी सगळे भरतात, गाळ कोण काढणार यावर भांडण. विहीर सार्वजनिक आहे म्हणून गाळ आपोआप निघत नाही.

म्युनिकचे माघारी वळण

या हिशेबाचा सर्वांत चांगला धडा जर्मनीतील दोन ठिकाणी मिळतो. म्युनिक शहराने २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टपासून सुटका करून घ्यायचे ठरवले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर महापौरांचे मन वळवण्यासाठी स्वतः येऊन गेले; महापौर ख्रिस्टियान ऊडे बधले नाहीत. दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक मुक्त प्रणालीवर आले. मग महापौर बदलले, बाहेरच्या कचेऱ्यांशी फाइलींची देवाणघेवाण करताना मांडणी विसकटते या तक्रारी साचत गेल्या, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. २०२० मध्ये आलेल्या नव्या आघाडीने परत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे कबूल केले! लोलकासारखे हे शहर. एकट्या शहराने भाषा बदलली आणि शेजारी बदलले नाहीत, तर दुभाष्याचा खर्च त्यालाच पडतो.

दुसरे उदाहरण उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याचे. एप्रिल २०२४ मध्ये या राज्याच्या मंत्रिमंडळाने सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. २०२५ अखेरीस तिथल्या सरकारने सांगितलेले आकडे असे: २०२६ मध्ये परवानाशुल्कातून दीड कोटी युरोंहून अधिक वाचणार, आणि त्याच वर्षी स्थलांतरासाठी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासासाठी ९० लाख युरो खर्च होणार. माझ्यातल्या बँकवाल्याला हे दोन आकडे शेजारी पाहून बरे वाटले. वाचवलेल्यातून लावायचे किती, हे त्यांनी आधी ठरवले आहे. जून २०२५ मध्ये डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयानेही आपल्या कचेरीत लिब्रेऑफिस आणण्याचे जाहीर केले. यामागे काटकसर आहेच. पण पुरवठादाराच्या देशाशी आपले बिनसले तर काय, ही भीती त्याहून मोठी आहे.

आपल्याकडचा हिशेब

भारताने या बाबतीत कागदोपत्री काहीच कमी केलेले नाही. खुल्या मानकांचे केंद्रीय धोरण २०१० चे, मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ चे. सीडॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय मुक्त प्रणाली आणली. केरळने धोरणाची वाट न पाहता शाळांपासून सुरुवात केली. तिथल्या सरकारी शाळांतील मुले माहिती-तंत्रज्ञान मुक्त प्रणालीवर शिकतात, त्यांच्या धड्यांत लिब्रेऑफिस असते आणि ते शिकवण्यासाठी शिक्षकांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले गेले.

महाराष्ट्राने २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. त्याने मोठे काम केले, हे मान्यच केले पाहिजे. तालुक्याच्या गावातील मुलींनी आणि पन्नाशीतल्या कारकुनांनी माऊसला पहिल्यांदा हात लावला तो या वर्गांत. सरकारी नोकरीसाठीही तो धरला गेला. पण तिथे जे शिकवले गेले ते मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्टचा संच. पत्रलेखन शिकवायचे म्हणून एकाच कंपनीचे पेन धरायला शिकवावे, आणि मग सगळ्या कचेऱ्यांनी म्हणावे, की आमच्या लोकांना दुसरे पेन धरताच येत नाही! सवय हेही भांडवलच आहे, आणि आपण ते सरकारी खर्चाने परक्याच्या खात्यात जमा केले.

आता वारे स्वदेशीकडे वळले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने आपल्या कचेऱ्यांत झोहो या भारतीय कंपनीचा संच वापरण्याचे परिपत्रक काढले. झोहो ही खरोखर कर्तबगार कंपनी आहे आणि तामिळनाडूच्या खेड्यात राहून जगाला माल विकता येतो हे तिने दाखवले. निर्बंधांच्या भीतीवर स्वदेशी हा काही अंशी उतारा आहे. पण तिच्या संचाची आज्ञावली खुली नाही. किल्ली परदेशी खिशातून देशी खिशात आली, एवढाच फरक. ती आपल्या खिशात यायची असेल तर स्वदेशीबरोबर मुक्तताही लागेल, आणि निदान कागदाची भाषा तरी खुली लागेल.

घरी वापरणाऱ्याने यात काय करावे? लेकीच्या प्रकल्पासाठी किंवा सोसायटीच्या हिशेबासाठी हा संच उतरवून घ्यावा आणि महिनाभर वापरून पाहावा. काही ठिकाणी अडेल. दुसऱ्या संचात तयार केलेला गुंतागुंतीचा तक्ता किंवा नटवलेले पान विसकटलेले दिसेल, आणि शेवटी ते काम जुन्याच संचात करावे लागेल. पण रोजच्या कामातला फार मोठा भाग सुखाने होईल. न्यासाचे उत्पन्न मुख्यतः लहान लहान देणग्यांवर चालते. २०२३ पासून त्यांतून न्यासाने स्वतःच्या पगारावर आज्ञावलीकार नेमले, आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या कामांत अरबीसारख्या उजवीकडून लिहायच्या आणि आपल्यासारख्या जोडाक्षरांच्या लिपींची दुखणीही आहेत. ती बाजारात कुणी प्राधान्याने दुरुस्त करणार नाही, कारण त्यांत नफा थोडा.

सरकारला मात्र एवढ्यावर सोडता येणार नाही. मला सुचते ते साधे आहे. पहिले, सरकारी पैशाने तयार होणारा प्रत्येक कागद खुल्या नमुन्यात साठवला जावा, मग तो कोणत्याही संचात लिहिलेला असो. दुसरे, एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत एका संचाऐवजी निदान दोन शिकवावेत, म्हणजे शिकणारा काम शिकेल, कंपनी नव्हे. तिसरे, जिथे मुक्त संच येईल तिथे वाचलेल्या परवानाशुल्कातला ठरावीक हिस्सा त्याच्या विकासासाठी अंदाजपत्रकात दाखवावा. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना त्यातून मराठीचे काम द्यावे. शुद्धलेखन तपासणी, जुन्या अक्षरसंचांचे रूपांतर, ग्रामपंचायतीच्या दप्तराचे नमुने अशी कामे रांगेत उभी आहेत.

१९९३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला, त्याआधीची वादळी वर्षे मी शाखेत बसून पाहिली आहेत. सभा, मोर्चे, काळ्या फिती. नोकऱ्या जातील का, हा एकच प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता, आणि तो खोटा नव्हता. वही यंत्रात गेल्यावर तिची किल्ली कुणाकडे राहील, हा प्रश्न त्या सभांतून निघाल्याचे मला आठवत नाही. तेव्हा तो निघण्याचे कारणही नव्हते. यंत्र शाखेतच होते आणि शाखेला कुलूप आमचेच होते. आज यंत्र कुठे आहे हेच आपल्याला माहीत नसते. त्यामुळे पुढच्या वेळी सोसायटीच्या, शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या सभेत नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विषय निघाला, तर किंमत विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत. उद्या यांच्याशी आपले पटले नाही तर आपल्या वह्या आपल्याला वाचता येतील का? आणि त्या वाचण्यासाठी कुणाची परवानगी लागेल? उत्तर लेखी घ्यावे आणि इतिवृत्तात नोंदवावे.